चतुःसीमा नसलेले खरेदीखत

२७ जून २०१७ या दिवशी नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज अकस्मात ठप्प झाले. संप नव्हता, वादळ नव्हते, यंत्रे सुस्थितीत होती. तरीही कंटेनर कोणाचा, तो कोठे ठेवावयाचा आणि कोणत्या वाहनावर चढवावयाचा हे सांगणारे संगणक बंद पडल्यामुळे सारा व्यवहार थांबला. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क उद्योगसमूहाकडून चालविले जात होते आणि त्या दिवशी मर्स्कचे जगभरातील संगणक एका घातक प्रोग्रामने निकामी केले होते. या हल्ल्यामुळे आपले वीस ते तीस कोटी डॉलरचे नुकसान होईल असा अंदाज पुढे कंपनीने स्वतःच जाहीर केला. हल्ल्याचा आरंभ झाला होता युक्रेनमध्ये. तेथील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतून हे विष पसरले आणि काही तासांत ते उरणच्या किनाऱ्याला येऊन पोहोचले.

ते एका संगणकातून दुसऱ्या संगणकात ज्या मार्गांनी शिरले, त्यांपैकी एक मार्ग होता विंडोज प्रणालीतील एक जुना दोष. हा दोष अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीच ठाऊक होता, तिने त्याचे शस्त्रही बनविले होते आणि एप्रिल २०१७ मध्ये ते शस्त्र चोरांच्या हाती लागून जगजाहीर झाले होते. दोषाचे स्वरूप पाहिले तर आश्चर्य वाटावे इतके ते साधे होते. आलेल्या माहितीला किती जागा लागेल याची मोजणी एका ठिकाणी चुकत असे आणि म्हणून राखून ठेवलेल्या जागेपेक्षा अधिक माहिती तेथे लिहिली जाई. जादा माहिती शेजारच्या जागेत सांडे. ती जागा दुसऱ्याच कामाची असे. हल्लेखोराने नेमकी हवी ती माहिती सांडविली की संगणक त्याच्या ताब्यात जाई.

ग्रामीण महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. त्याला बांध कोरणे म्हणतात. दरवर्षी नांगरटीच्या वेळी शेजाऱ्याच्या शेतात वीतभर शिरावे आणि कालांतराने तीच आपली वहिवाट म्हणून सांगावे. फरक इतकाच की शेतातला बांध कोरला गेला तर शेजारी भांडावयास उठतो. संगणकात मात्र कोणीही उठत नाही. ज्या प्रोसेसरच्या हातून हे अतिक्रमण घडते, त्याला आपण अतिक्रमण करीत आहोत हे कळण्याची सोयच बहुतेक संगणकांत ठेवलेली नाही.

अशा प्रत्येक घटनेनंतर दोष प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या माथी मारला जातो. त्याने काळजी घ्यावयास हवी होती, कंपनीने दुरुस्ती वेळेवर करावयास हवी होती, वापरणाऱ्याने ती वेळेवर बसवावयास हवी होती, असा उपदेश होतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ज्या गावात मोजणीचे नकाशेच नाहीत, तेथे अतिक्रमणाचा सारा दोष शेतकऱ्यांच्या नीतिमत्तेवर ढकलून भागत नाही. नकाशे का नाहीत, ते कोणी आणि केव्हा काढून टाकले, हाही प्रश्न विचारावा लागतो. आज भारत स्वतःचे प्रोसेसर घडविण्याच्या उंबरठ्यावर उभा असताना तर हा प्रश्न टाळणे परवडणारे नाही.

आज्ञासंच नावाचा करार

प्रोसेसर ही मूलतः आज्ञा पाळणारी वस्तू आहे. ही संख्या उचल, तीत ती मिळव, आलेले उत्तर अमुक जागी ठेव, अशा अगदी लहान लहान आज्ञा त्याला समजतात. कोणत्या आज्ञा समजतील, त्या कोणत्या रूपात द्यावयाच्या आणि प्रत्येकीचा परिणाम काय होईल, याची संपूर्ण यादी म्हणजे त्या प्रोसेसरचा आज्ञासंच. इंग्रजी वळणाने ‘इन्स्ट्रक्शन सेट’. हा प्रोसेसर घडविणारे आणि सॉफ्टवेअर लिहिणारे यांच्यातील करारच आहे. एकदा तो झाला की दोन्ही पक्ष त्याला दशकानुदशके बांधले जातात. आज कचेऱ्यांतील बहुसंख्य संगणक ज्या आज्ञासंचावर चालतात, त्याचे मूळ इंटेलने १९७८ मध्ये काढलेल्या ८०८६ या प्रोसेसरमध्ये आहे.

या करारातील सर्वांत महत्त्वाचे कलम मेमरीसंबंधीचे. संगणकाची मेमरी म्हणजे ओळीने क्रमांक घातलेल्या असंख्य लहान प्लॉटांची वसाहत समजावी. प्रत्येक प्लॉटला क्रमांक आहे आणि प्रोसेसर त्या क्रमांकाने तेथे जातो. प्रोग्राम हा क्रमांक जवळ बाळगतो तेव्हा त्याला ‘पॉइंटर’ म्हणतात. आता जमिनीच्या खरेदीखतात केवळ गट क्रमांक लिहून कोणी थांबत नाही. क्षेत्र किती, पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस ओढा की रस्ता, उत्तरेस कोणाची जमीन, अशी चतुःसीमा त्यात लिहिलेली असते. सही आणि शिक्का असतो. आज प्रचलित असलेल्या बहुतेक आज्ञासंचांत पॉइंटर मात्र केवळ क्रमांक असतो. त्याला क्षेत्र नाही, चतुःसीमा नाही, शिक्काही नाही. साध्या बेरजेने कोणताही क्रमांक बनवावा आणि हा माझा पत्ता म्हणून प्रोसेसरपुढे ठेवावा. तो निमूटपणे तेथे जाऊन लिहितो किंवा वाचतो.

दोन स्वतंत्र प्रोग्रामांमध्ये भिंत असते, हे येथे नमूद केले पाहिजे. मेमरीचे सामान्यतः चार हजार शहाण्णव बाइटांचे तुकडे पाडून प्रत्येक प्रोग्रामला त्याचेच तुकडे दिसावेत, अशी व्यवस्था प्रोसेसर करतो. पण ही गावकुसाची भिंत झाली. गावाच्या आत, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या पोटात, शेताशेतांमधला बांध राखणारे कोणी नाही. बहुतेक घात होतात ते तेथेच.

विस्मरणात गेलेले शहाणपण

ही व्यवस्था निसर्गनियमाने आलेली नाही. तिच्याहून चांगली व्यवस्था साठ वर्षांपूर्वीच अस्तित्वात होती. अमेरिकेतील बरोज कंपनीने १९६१ मध्ये बी ५००० नावाचा संगणक काढला. त्याची मूळ कल्पना रॉबर्ट बार्टन यांची. या संगणकात माहितीच्या समूहाकडे जाण्यासाठी नुसता क्रमांक पुरत नसे. तो समूह कोठे सुरू होतो आणि किती लांब आहे हे सांगणारे वर्णनपत्र लागे. आणि मेमरीतील एखादी नोंद म्हणजे साधी संख्या आहे की असे वर्णनपत्र, हे एका खास खुणेवरून यंत्राला ओळखता येई. सीमेबाहेरचा पत्ता मागितला की यंत्र स्वतःच काम थांबवी. हा पहारा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या सावधपणावर अवलंबून नव्हता.

त्याच दशकात इंग्लंडमध्ये टोनी होअर यांच्या गटाने अल्गोल भाषेसाठी जे भाषांतरक सॉफ्टवेअर तयार केले, त्यातही प्रत्येक वेळी सीमा तपासली जाई. १९८० मध्ये ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना होअर यांनी त्याची आठवण सांगितली आहे. वेग वाढविण्यासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय हवी का, असे ग्राहकांना विचारले असता त्यांनी एकमुखाने नको म्हणून सांगितले होते. चुका किती वारंवार होतात हे त्यांना अनुभवाने कळले होते. सामान्य ग्राहकाला जे उमजले, ते पुढे तज्ज्ञांनी विसरावे, हा या कहाणीतील खेदाचा भाग आहे.

विसरण्याला कारणे होती. मेमरी अतिशय महाग होती आणि प्रत्येक तपासणीला वेळ लागे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ‘सी’ ही भाषा घडविली. चपळ, लवचीक आणि यंत्राच्या अगदी जवळची. तीत पॉइंटर म्हणजे निव्वळ क्रमांक होता आणि त्याची सीमा तपासण्याचे बंधन नव्हते. युनिक्स या भाषेत लिहिले गेले, पुढे बहुतेक प्रणालींचा गाभा हिच्यात किंवा हिच्या वंशातील भाषांत लिहिला गेला. प्रोसेसर बनविणाऱ्यांनीही मग हिला जे वेगाने चालविता येईल, तेच घडवावयास सुरुवात केली. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स आणि रॉजर नीडहॅम यांनी सत्तरच्या दशकात सीएपी नावाचा संगणक बांधला, त्यात मेमरीकडे जाण्याचा प्रत्येक अधिकार यंत्रच तपासत असे. तो प्रयोगशाळेपुरताच राहिला. इंटेलने १९८१ मध्ये आयएपीएक्स ४३२ हा असाच महत्त्वाकांक्षी प्रोसेसर बाजारात आणला. तो इतका गुंतागुंतीचा आणि संथ निघाला की सुरक्षित प्रोसेसर म्हणजे कूर्मगती असा समज पुढे कित्येक वर्षे रूढ झाला.

त्याहून उद्बोधक गोष्ट त्याच कंपनीच्या यशस्वी प्रोसेसरांची. १९८२ च्या ८०२८६ मध्ये मेमरीचे विभाग पाडून प्रत्येक विभागाला आरंभ आणि मर्यादा देण्याची सोय होती. एखादा क्रमांक दिलेल्या सीमांच्या आत आहे की नाही, हे तपासणारी ‘बाउंड’ नावाची स्वतंत्र आज्ञाही त्यात होती. म्हणजे चतुःसीमेचे कलम करारात होते! परंतु प्रणाली बनविणाऱ्यांना ते विभाग गैरसोयीचे वाटले. ३२ बिटांच्या काळात त्यांनी सरसकट एकच विभाग करून त्याची मर्यादा थेट चार गिगाबाइट, म्हणजे गावाच्या वेशीपर्यंत नेऊन ठेवली. न वापरलेला अधिकार कालांतराने बुडतो. एएमडी कंपनीने आखलेला ६४ बिटांचा आज्ञासंच २००३ मध्ये प्रत्यक्ष प्रोसेसरमध्ये आला तेव्हा विभागांच्या मर्यादांची तपासणी त्याच्या ६४ बिटांच्या कार्यपद्धतीतून जवळजवळ वगळली गेली होती आणि बाउंड ही आज्ञाही काढून टाकली गेली होती. कोणी आंदोलन केले नाही, कोणाला चुकल्यासारखे वाटले नाही.

विसराची किंमत

किंमत मात्र मोजावी लागतच होती. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रामने त्या वेळच्या इंटरनेटवरील सुमारे सहा हजार संगणक बेजार केले, असा अंदाज आहे. त्याच्या अनेक युक्त्यांपैकी एक अशी : ५१२ बाइटांच्या जागेसाठी ५३६ बाइट पाठवावयाचे. वरचे चोवीस बाइट शेजारी सांडत आणि काम संपल्यावर प्रोसेसरने कोठे परतावे याची नोंद बदलून टाकीत. प्रोसेसर मग परत जाण्याऐवजी मॉरिसने पाठविलेल्या माहितीलाच आज्ञा समजून ती पाळू लागे. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ने तेच केले. अवघ्या ३७६ बाइटांचा हा प्रोग्राम. पण त्याला बळी पडू शकणाऱ्या संगणकांपैकी सुमारे नव्वद टक्के त्याने दहा मिनिटांत गाठले.

येथे आज्ञासंचातील दुसरी उणीव उघडी पडते. मेमरीच्या तुकड्यावर लिहिता येईल की नाही एवढेच बहुसंख्य संगणकांतील प्रोसेसर पाहत असे. तेथील मजकूर आज्ञा म्हणून पाळावयाचा की केवळ माहिती म्हणून वाचावयाचा, हा भेद तो करीत नसे. काही अन्य घराण्यांतील प्रोसेसरांत ही सोय आधीपासून होती. घरोघरीच्या संगणकांत ती एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरबरोबर २००३ मध्ये आली, इंटेलने २००४ मध्ये तिचा स्वीकार केला आणि त्याच वर्षी विंडोजने तिचा वापर सुरू केला. नोंदीतील एका बिटाचा हा बदल. पण आलेल्या माहितीलाच आज्ञा बनविण्याचा राजमार्ग त्याने बंद केला. आज्ञासंचातील लहानशी दुरुस्ती लक्षावधी प्रोग्रामांचे एकदम रक्षण करू शकते, याचा हा निर्विवाद पुरावा होय.

हल्लेखोर अर्थातच स्वस्थ बसले नाहीत. आपल्या आज्ञा आत नेता येत नाहीत, तर आत आधीच असलेल्या आज्ञांचे तुकडे जोडून आपला डाव साधावा, ही युक्ती पुढे आली. वृत्तपत्रातील अक्षरे कात्रीने कापून धमकीचे पत्र चिकटवावे, तसा हा प्रकार. संशोधक होवाव शाचम यांनी २००७ मध्ये तो शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. त्यात इंटेलच्या आज्ञासंचाची एक जुनी लकब हल्लेखोरांच्या चांगलीच पथ्यावर पडते. या संचातील आज्ञा एका बाइटापासून पंधरा बाइटांपर्यंत कितीही लांब असू शकतात आणि कोठूनही वाचावयास सुरुवात करता येते. ‘राजकारण’ हा शब्द दोन अक्षरे सोडून वाचला की ‘कारण’ होतो आणि तीन अक्षरे सोडून वाचला की ‘रण’ होतो. लिहिणाऱ्याच्या मनात नसलेले शब्द वाचणाऱ्याला सापडतात. आज्ञांच्या मधूनच वाचावयास आरंभ केला की अशाच कोणी न लिहिलेल्या आज्ञा हाती लागतात. ज्या आज्ञासंचांत प्रत्येक आज्ञेची लांबी ठरलेली असते, तेथे ही मोकळीक मिळत नाही. परंतु तेवढ्याने तेही सुरक्षित ठरत नाहीत, हे २००८ मध्ये स्पार्क प्रोसेसरवर हाच हल्ला करून संशोधकांनी दाखवून दिले. कारण मूळ व्याधी आज्ञांच्या लांबीत नाही, ती चतुःसीमा नसलेल्या पत्त्यात आहे.

या व्याधीचा विस्तार किती? आपण दुरुस्त करीत असलेल्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या गैरवापराचे असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले. क्रोम ब्राउझरमधील गंभीर सुरक्षादोषांविषयी गूगलच्या चमूने २०२० मध्ये काढलेला आकडाही सुमारे ७० टक्केच होता. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, निराळी उत्पादने आणि आकडा एकच. वर्षानुवर्षे कुशल माणसे नेमून, प्रशिक्षणे देऊन, तपासण्या करून ही स्थिती असेल तर दोष माणसांच्या निष्काळजीपणात शोधणे व्यर्थ आहे.

पुन्हा सीमांकन

सुदैवाने गेल्या दशकात विचाराची दिशा बदलू लागली आहे. मोबाइल फोनांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर्म घराण्याच्या आज्ञासंचात २०१८ मध्ये एक भर पडली. तीनुसार मेमरीच्या दर सोळा बाइटांच्या तुकड्याला आणि त्याकडे नेणाऱ्या पॉइंटरला एकाच रंगाची खूण दिली जाते. रंग जुळला नाही तर प्रोसेसर अडवितो. रंग सोळाच असल्याने चुकून जुळण्याचा संभव उरतो, हे खरे. तरी हल्लेखोराला दर वेळी जुगार खेळावा लागतो आणि बहुतेक वेळा तो पकडला जातो. २०२३ मध्ये गूगलच्या पिक्सेल ८ या फोनात ही सोय ऐच्छिक रूपाने आली, तर ॲपलने सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ बरोबर तिचे सुधारित रूप प्रणालीच्या गाभ्यासाठी कायम चालू ठेवण्याचे जाहीर केले.

याहून मूलगामी उपाय केंब्रिज विद्यापीठ आणि अमेरिकेतील एसआरआय इंटरनॅशनल ही संस्था यांनी २०१० पासून विकसित केला आहे. त्याचे नाव ‘चेरी’. त्यात पॉइंटर हा नुसता क्रमांक राहत नाही. ६४ बिटांच्या जागी तो १२८ बिटांचा होतो आणि त्यात पत्त्याबरोबरच आरंभ, अंत आणि केवळ वाचावयाचे की लिहावयाचेही, हे अधिकार नोंदविलेले असतात. शिवाय एक वेगळा बिट प्रोग्रामच्या हाती न लागेल अशा रीतीने जपला जातो. तोच शिक्का. कोणी त्या १२८ बिटांत परस्पर फेरफार केला की शिक्का आपोआप पुसला जातो आणि तो दस्त निरुपयोगी ठरतो. मिळालेला अधिकार कमी करून दुसऱ्याला देता येतो, वाढविता मात्र येत नाही. आपल्या शेतातील दोन गुंठे भावाला देता येतील. आपल्या मालकीबाहेरची जमीन देता येणार नाही, इतका हा नियम सरळ आहे. आर्म कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये या तत्त्वावरील ‘मोरेलो’ हा प्रायोगिक प्रोसेसर संशोधकांच्या हाती दिला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे नोंदल्या गेलेल्या मेमरीविषयक दोषांपैकी किमान दोनतृतीयांश दोष या पद्धतीने निष्प्रभ झाले असते, असा त्या कंपनीच्या सुरक्षा संशोधकांचा २०२० मधील अंदाज आहे. बरोजच्या बी ५००० मधील वर्णनपत्रच साठ वर्षांनी नव्या रूपात परतले, असे म्हटले तरी चालेल.

आक्षेपांचा विचार

याविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांची दखल घेणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप वेगाचा आणि खर्चाचा. पॉइंटर दुप्पट मोठे झाले की मेमरी अधिक लागणार, हे उघड आहे. परंतु १९८१ ची महागाई आज राहिलेली नाही. शिवाय तपासणीचे काम यंत्राच्या पोटात, मूळ कामाबरोबरच होत असल्याने ते सॉफ्टवेअरने करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. मात्र कोणतीही जोडणी चालेल, असे नव्हे. इंटेलने २०१५ मध्ये सीमा तपासणाऱ्या आज्ञांचा एमपीएक्स नावाचा संच आपल्या प्रोसेसरला जोडला. त्यात सीमा पॉइंटरपासून दूर, वेगळ्या तक्त्यांत ठेवल्या जात. काम मंदावे आणि एकाच वेळी अनेक धागे चालू असता तक्ता आणि पॉइंटर यांचा मेळ बिघडे. २०२० पर्यंत लिनक्सने त्याचा त्याग केला. जुन्या इमारतीला बाहेरून बांधलेला जिना आणि मूळ आराखड्यातला जिना यांत जो फरक असतो, तो येथे दिसला.

दुसरा आक्षेप असा की हे काम भाषेने करावे. रस्टसारख्या नव्या भाषा सीमा तपासतात, मालकीचे नियम पाळावयास लावतात. मग प्रोसेसरला कशाला त्रास? अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या सायबर कार्यालयाने फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात अशा भाषांचा पुरस्कार केला, हे खरे. परंतु त्याच अहवालात यंत्रातील संरक्षणाचाही विचार केलेला आहे आणि तो योग्यच आहे. बँका, रेल्वे, वीजकेंद्रे, रुग्णालये यांत चालणारे कोट्यवधी ओळींचे जुने सॉफ्टवेअर एका रात्रीत नव्या भाषेत उतरविता येणार नाही. नवे घर नव्या भाषेत बांधावे. जुन्या घराला प्रोसेसरचा पहारा द्यावा. दोन्ही उपाय परस्परांना पूरक आहेत.

तिसरी गोष्ट आक्षेप नसून मर्यादा आहे. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष उघडकीस आले. वेग साधण्यासाठी प्रोसेसर पुढच्या आज्ञा अंदाजाने आधीच पार पाडून ठेवतो आणि अंदाज चुकला तर त्या रद्द करतो. पण रद्द केलेल्या कामाच्या खुणा मागे राहतात आणि त्यांच्यावरून गुपिते ताडता येतात. आज्ञेचे फळ काय असावे हे करारात लिहिलेले होते. तिच्या वाटेवर कोणत्या खुणा राहू नयेत, याविषयी करार मुका होता. चतुःसीमा लिहिल्याने हा रोग आपोआप बरा होणार नाही. तेव्हा कोणताही एक उपाय म्हणजे रामबाण असे मानण्याचे कारण नाही. परंतु चोर छपरावरून येऊ शकतो म्हणून दाराला कडी लावू नये, असे कोणी शहाणा म्हणत नाही.

स्वदेशी म्हणजे नेमके काय?

आता मुख्य मुद्दा. प्रोसेसरच्या क्षेत्रात भारताने अलीकडे जे प्रयत्न केले आहेत, ते अभिमानास्पद आहेत. आयआयटी मद्रासमध्ये शक्ती, सी-डॅकमध्ये वेगा आणि आयआयटी मुंबईत अजित ही प्रोसेसरांची घराणी आकाराला आली. पुण्यात मुख्यालय असलेल्या आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक देणाऱ्या सी-डॅकने हा वारसा पुढे न्यावा, हे यथायोग्यच आहे. प्रक्षेपकांसाठी इस्रो आणि मोहालीची सेमीकंडक्टर प्रयोगशाळा यांनी सिद्ध केलेला विक्रम ३२०१ सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांना सादर करण्यात आला. त्याचा आज्ञासंच खास त्या कामासाठी रचलेला आहे आणि मुळातच सीमा तपासणाऱ्या अडा या भाषेसाठी लागणारी साधनेही इस्रोने स्वतः तयार केली आहेत. करार आणि भाषा दोन्ही आपल्या हाती असल्या म्हणजे काय साधते, याचा हा वस्तुपाठ आहे.

शक्ती आणि वेगा ही घराणी रिस्क-फाइव्ह या आज्ञासंचावर उभी आहेत. तो २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत जन्माला आला. तो कोणा कंपनीच्या मालकीचा नाही, त्यासाठी स्वामित्वशुल्क द्यावे लागत नाही आणि त्याची देखरेख करणारी संस्था २०२० पासून स्वित्झर्लंडमध्ये आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये डीआयआर-व्ही हा कार्यक्रम जाहीर केला तो याच पायावर. या संचाचा गाभा सुमारे चाळीस आज्ञांचा आहे आणि त्यात आपल्या गरजेप्रमाणे भर घालण्याची मोकळीक आरंभापासूनच ठेवलेली आहे. इंटेलच्या करारात आपल्याला एक शब्द बदलता येत नव्हता. येथे कलमे लिहिण्याची लेखणी आपल्याही हाती आहे.

पण ती लेखणी वापरली नाही तर? रिस्क-फाइव्हच्या मूळ गाभ्यातही पॉइंटर म्हणजे निव्वळ क्रमांकच आहे. तो जसाच्या तसा उतरवून घेतला तर चिप भारतात बनेल, तीवर भारताचे नाव असेल आणि १९८८ मध्ये जो दोष अमेरिकी संगणकांत होता, तोही तीत भारतीय म्हणून नांदेल. स्वदेशी म्हणजे केवळ कारखान्याचा पत्ता नव्हे. दुसऱ्याच्या चुकीची आपल्या मातीत केलेली प्रतिकृती हे स्वावलंबन म्हणता येणार नाही. वस्तूच्या रचनेवर आपला विचार उमटला पाहिजे, तेव्हा ती खऱ्या अर्थाने आपली होते.

हा विचार आपल्याकडे झालेलाच नाही, असेही नाही. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी २०१७ मध्ये शक्ती-टी आणि २०१९ मध्ये शक्ती-एमएस या नावांनी, पॉइंटरला सीमा जोडून प्रोसेसरकडूनच ती तपासून घेण्याच्या रचना मांडल्या. म्हणजे बुद्धी आहे, पूर्वतयारीही आहे. उणीव आहे ती आग्रहाची. संशोधनपत्रिकेतील रचना कारखान्यात जावयाची तर तिला मागणी लागते आणि या देशात अशी मागणी निर्माण करण्याचे सामर्थ्य प्रामुख्याने सरकारी खरेदीत आहे. वीजमीटर, रेल्वेची संकेतयंत्रणा, मतदानयंत्रे, संरक्षण खात्याची उपकरणे यांसाठी स्वदेशी प्रोसेसर घ्यावयाचे तर त्याच्या निविदेत एक अट असावी : मेमरीच्या सीमा प्रोसेसरनेच राखल्या पाहिजेत. नव्या उपकरणांपासून हा आरंभ करता येईल, कारण तेथे जुन्या सॉफ्टवेअरचे ओझे कमी असते. रिस्क-फाइव्हसाठी चेरीचे प्रमाणित रूप ठरविण्याचे काम चालू आहे. त्या चर्चेत भारतीय संस्थांनी प्रेक्षक म्हणून नव्हे तर करार लिहिणारा पक्ष म्हणून बसावे. आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून प्रोसेसर शिकविताना वेगाबरोबर सीमेचाही धडा द्यावा, म्हणजे पुढची पिढी ती कलमे गैरसोयीची म्हणून खोडून टाकणार नाही.

आज्ञासंच एकदा रूढ झाला की तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. १९७८ च्या करारातील उणिवांचे व्याज जग आजही भरत आहे. भारताचा करार अजून मसुद्याच्या अवस्थेत आहे. मसुदा कोरा असतानाच चतुःसीमा लिहून घ्यावयाची असते. दस्त नोंदविला गेल्यावर वर्षानुवर्षे हाती राहतात त्या केवळ कोर्टाच्या तारखा.